याब्वोंकीला बघायला काय आहे?

क्राको, मिठाची खाण, जुने चौक, सगळं झालं आणि छान झालं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय पोलंडच्या आग्नेय टोकाच्या ब्येश्चादी डोंगरांतल्या याब्वोंकीबद्दल. ‘तिथं बघायला आहे काय?’ हे नवऱ्याने वाटेत इतक्या वेळा विचारलं की शेवटी मी उत्तर देणंच सोडलं.

सानोकहून चिस्नाकडे जाणारी बस म्हणजे आपल्या लाल एसटीची सख्खी बहीण. बालिग्रुद मागे पडलं की दरी अरुंद होते, दोन्ही बाजूंनी झाडी अंगावर येते. याच रस्त्यावर 28 मार्च 1947 रोजी जनरल कारोल श्वेर्चेव्स्की युक्रेनियन बंडखोरांच्या गोळीबारात मेला. तेव्हा तो पोलंडचा उपसंरक्षणमंत्री होता.

या माणसाचं मला वेड लागलं ते स्पेनमध्ये. आरागॉनमधलं बेल्चिते गाव 1937 साली, स्पेनच्या यादवीत, घराघरांतून लढून जनरल फ्रँकोविरुद्धच्या फौजेतल्या ज्या 35व्या डिव्हिजनने घेतलं, तिचा प्रमुख ‘जनरल वॉल्टर’ म्हणजे हाच. पुढच्याच वर्षी फ्रँकोच्या फौजांनी ते परत घेतलं. फ्रँकोने पडझड झालेलं गाव मुद्दाम तसंच ठेवलं आणि शेजारी नवं वसवलं. आज तिकीट काढून, गाइडच्या मागे रांगेने ते बघायचं. मला तो प्रकार जरा अंगावर आला होता.

वॉर्सात 1897 साली गरिबाघरी जन्मलेला हा पोरगा लहानपणीच कारखान्यात लागला. पहिल्या महायुद्धात कारखान्याबरोबर रशियात गेला आणि 1918 पासून लाल सेनेत. रशियाच्या यादवीत लढला. 1920 साली तर पोलंडविरुद्धच लढला आणि जखमी झाला. मग मॉस्कोची लष्करी अकादमी, मग स्पेन. 1941 मध्ये व्याझ्माजवळ जर्मन वेढ्यात त्याच्या डिव्हिजनची पार वाताहत झाली. 1945 मध्ये जर्मनीतल्या बाउत्सेनला त्याच्या हाताखालची पोलिश फौज भयानक मार खाऊन बसली. दारूचं व्यसन होतंच. पण सरकारी गोष्टीत तो ‘गोळ्यांपुढे मान न झुकवणारा माणूस’ झाला. शाळांना, रस्त्यांना, कारखान्यांना त्याचं नाव लागलं, पन्नास झ्वोतींच्या नोटेवर त्याचा चेहरा आला.

याब्वोंकीत त्याचं मोठं दगडी स्मारक होतं, ते 2018 मध्ये पाडलं. आम्ही उतरलो तेव्हा समोर मोकळी जागा, गवत आणि पलीकडे जंगल. नवरा काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वोप्येन्काला चालत गेलो आणि खरं तर या लेखाचं कारण तेच. जनरल मेला आणि महिन्याभरात, 28 एप्रिलला, ‘व्हिस्तुला मोहीम’ सुरू झाली. बेत आधीपासून शिजत होता, या मरणाने निमित्त मिळालं. साधारण 1,40,000 युक्रेनियन आणि या डोंगरांतल्या लेम्को, बोयको समाजांची माणसं इथून उचलली आणि उत्तर-पश्चिमेला, जर्मनांनी सोडलेल्या मुलखात विखरून टाकली. बंडखोरांना भाकरी मिळू नये म्हणून गावंच्या गावं रिकामी!

वोप्येन्का हे तसंच उठलेलं गाव. वाट ओढ्याच्या कडेने जाते. मध्येच रानात सफरचंदाची झाडं लागतात, वाकडीतिकडी, शेवाळलेली, वर्षानुवर्षं कोणी न छाटलेली. जंगलात सफरचंदं कुठली, असं म्हणेपर्यंत लक्षात येतं की आपण कुणाच्या तरी परसात उभे आहोत. जरा गवत बाजूला केलं तर जोत्याचे दगड. मी एक सफरचंद तोडून खाल्लं. बारीक, करकरीत आणि दात आंबतील इतकं आंबट. पुढे दगडी चर्च आहे, पडलेलं होतं ते लोकांनी वर्षानुवर्षं खपून उभं केलं. आत रंग नाही, झगमगाट नाही. बेल्चितेला गाइड होता, फलक होते, इथं झाडांवरून गाव ओळखायचं. मला हे पटलं. नवराही इथं तासभर बसला, न कुरकुरता.

मी कोल्हापूरची. आमच्या वळिवड्यात 1943 ते 48 पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं. स्टालिनने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियाकडे पाठवलं होतं. छावणीत काही जण अजून मुक्काम करून होते, तेव्हाच इकडे मॉस्कोने घडवलेल्या पोलिश जनरलच्या नावाने दुसरी माणसं घराबाहेर काढली जात होती. हा हिशोब माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

चिस्नात मुक्काम वाईट. मोटारसायकलवाल्यांच्या झुंडी, रात्री उशिरापर्यंत गोंगाट, आणि चहात दूध मागितलं की चमत्कारिक नजरा. पण घरमालकीण आजी लाख माणूस. बटाट्याच्या पुरणाचे पिएरोगी तिने संपेपर्यंत वाढले. नात इंग्रजीतून दुभाषी झाली. आजीच्या शाळेला जनरलचंच नाव होतं. तिने कपाटातून ती जुनी हिरवट नोट काढून दाखवली आणि चेहऱ्यावर बोटाने टिचकी मारली.

“स्मारक पाडलं ते बरं झालं का?” मी विचारलं.

आजी म्हणाली, “माणूस बरा की वाईट ते वॉर्सावाल्यांना विचारा. पूर्वी शाळांच्या सहली थांबायच्या, माझी आई तिथं ब्लूबेरी विकायची. आता सगळ्या गाड्या सरळ इकडे येतात.”

नातीने पुढचं वाक्य भाषांतर केलं नाही. बहुधा मोटारसायकलवाल्यांबद्दल होतं.