आजींचा पहिला नंबर

गेल्या महिन्यात मिरजेजवळच्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, आमच्या स्ट्रूप चाचणीत (मेंदूचं काम तपासणाऱ्या चाचण्या आम्ही मराठीत आणतोय, त्यातली ही एक) पहिला नंबर आला तो सत्तरीच्या एका आजींचा. शिक्षण दुसरी. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

स्ट्रूप म्हणजे १९३५ सालची, जॉन रिडली स्ट्रूप यांची युक्ती. निळ्या शाईत 'लाल' हा शब्द छापायचा आणि समोरच्याला सांगायचं, शब्द वाचू नका, शाईचा रंग सांगा. वाचायची सवय अशी हाडात मुरलेली असते की तोंडातून 'लाल'च निघतं. ते आवरून 'निळा' म्हणायला जो जादा वेळ लागतो, त्यावरून आम्ही ठरवतो की डोक्यातला कारभारी कितपत जागा आहे. कारभारी हा माझा शब्द. एक्झिक्युटिव्ह फंक्शनला पुस्तकात 'कार्यकारी क्षमता' म्हणतात, पण पेशंटच्या घरच्यांपर्यंत ते पोचत नाही. कारभारी म्हटलं की कळतं. तो स्वतः खुरपं हातात घेत नाही, पण आधी काय करायचं, कुणाला थांबवायचं, पाऊस आला तर बेत कसा फिरवायचा, हे बघतो.

तर नुसत्या रंगीत चौकोनांचे रंग सांगायला आजींना जेवढा वेळ लागला, त्याहून फसव्या शब्दांना जेमतेम चार सेकंद जास्त. कॉलेजात शिकवणाऱ्या एका सरांना तीसेक सेकंद जास्त लागले होते, आणि वर ते माझ्यावरच चिडले होते. आजींना विचारलं, शब्द मधे येत नव्हते का?

"अक्षरं लावून वाचायला मला येळ लागतोय, बाई. तू रंग इचारलास, मी रंग सांगितला."

झालं! आवरायला मुळात काही नव्हतंच, मग आवरलं किती हे मोजणार कुठून? वाचायला न शिकलेल्या लहान मुलांना स्ट्रूप अडवतच नाही, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवते. तरी तक्त्यात आजींच्या क्रमांकापुढे 'उत्तम' लिहून मोकळी झाले होते. ते खोडलं.

चाचणी मराठीत आणली की काम संपलं असं लोकांना वाटतं. तिथे ते सुरू होतं. ती जे मोजते म्हणते तेच मोजते का, हे दाखवावं लागतं, यालाच व्हॅलिडेशन म्हणायचं. आपल्याकडे हे काम झालेलं नाही असं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेची चाचण्यांची बॅटरी, म्हणजे संच, २००४ पासून आहे, भारतीय माणसांवर तपासलेली. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, स्मृतिभ्रंशासाठी संच केला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा पाच भाषांत. मराठीला आमच्यासारख्यांनी हातभार लावायचा.

हातभार कसा लागतो ते सांगते. स्ट्रूप यांच्या मूळ पाच रंगांत तपकिरी होता. पहिल्या छपाईत आम्हीही 'तपकिरी' ठेवला. गावात हा शब्द कुणी वापरत नाही, सगळे चॉकलेटी म्हणतात, एक काका तर विटकरीवर अडून बसले. तो काढला. पिवळा घेतला तर पांढऱ्या कागदावर तो दिसेना, मग प्रेसवाल्याला गाठून हळदीइतका गडद करून घेतला. त्यात आमची मदतनीस मुलगी, मोठी काटेकोर. 'निळा' छापलंय आणि बाई 'निळी' म्हणाल्या की चूक धरायची. दोन दिवसांचे कागद गेल्यावर ते माझ्या लक्षात आलं. निळी साडी, निळं आभाळ, निळा सदरा. समोरच्या बाईंच्या मनात साडी असेल तर चूक कसली?

ट्रेल मेकिंगमध्ये मात्र माझीच चूक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या चाचणीसंचातून आलेली ही चाचणी. कागदभर विखुरलेले पंचवीस गोल, १ वरून ए, मग २, मग बी, अशी आलटून पालटून रेघ ओढत न्यायची. मी ए बी सीच्या जागी क ख ग घ ङ टाकलं, वर्णमालेच्या क्रमाने. सगळे 'घ'पर्यंत भरधाव यायचे आणि 'ङ'पाशी गाडी बंद. कुणी त्याला ड समजायचं, कुणी थेट 'च'कडे जायचं. घड्याळ चालूच. आकडे बघितले तर अख्खा तालुका मेंदूच्या आजाराचा वाटावा! खरं तर आम्ही वर्णमालेची तोंडी परीक्षा घेत होतो. पंचमवर्ण, म्हणजे ङ, ञ, ण ही प्रत्येक गटातली शेवटची अक्षरं, गाळले आणि मोजलं, तर क ते घ चार, च ते झ चार, ट ते ढ चार, बरोबर बारा निघाले. मूळ चाचणीत ए ते एल बाराच अक्षरं आहेत. त्या दिवशी मी मदतनिशीला भेळ खाऊ घातली. तरी ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांचा प्रश्न उरतोच. त्यांच्यासाठी अक्षरांऐवजी दोन रंगांत आकडे असलेली कलर ट्रेल्स वापरतो, तिला निदान आकड्यांची ओळख पुरते. इथेही एक गंमत: देवनागरी १ ला एका कॉलेजच्या मुलाने बेधडक नऊ म्हटलं.

'क'पासून एका मिनिटात जितके येतील तितके शब्द सांगा, या चाचणीत विशेषनाम चालत नाही. एक मावशी म्हणाल्या, "कमळ." का "कमल"? फूल की नणंद? रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. आणखी एका काकांनी का, कि, की, कु अशी बाराखडीच म्हणून दाखवली आणि मिनीट संपायच्या आत हात झटकून बसले.

पण हे सगळं नीट बसवलं तरी मला टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. आमच्याकडे एक किराणा दुकानदार येतात. मोटरसायकलवरून पडले, कपाळामागच्या भागाला मार. पत्ते लावायच्या चाचणीत पत्ते रंगावर, आकारावर की संख्येवर लावायचे हा नियम न सांगता बदलत राहतो आणि तो ओळखायचा असतो. ते त्यांनी माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं केलं. (ही चाचणी एकदाच खरी. नियम बदलतो हे कळलं की दुसऱ्या वेळी ती नुसती आठवण तपासते.) त्यांची बायको शेजारी बसून ऐकत होती. "पत्ते लागले असतील हो ताई. पण दिवसभर उधारी देतात आणि वहीत एक ओळ लिहीत नाहीत."

अशा माणसांची लेखी नोंद शॅलिस आणि बर्जेस या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये केली आहे. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले तीन पेशंट, नेहमीच्या बऱ्याच चाचण्यांत ठीक, पण बाजारात काही कामं देऊन सोडलं की विस्कटायचे. मी त्याचीच गावठी आवृत्ती केली. कॅन्टीनमध्ये चहा कितीला ते विचारा, केसपेपरची खिडकी कधी बंद होते ते लिहून आणा, वीस रुपयांच्या आत एक कंगवा घ्या, काम नसेल त्या खिडकीपाशी थांबू नका आणि बरोबर पावणेबाराला पारिजातकाखाली भेटा. कागद हातात दिला.

आमचे दुकानदार साडेबाराला आले. कंगवा नाही, वेळ लिहिलेली नाही. हातात डझनभर केळी, माझ्यासाठी. "भाव बरा होता, मॅडम." कागद खिशात, चार घड्या घातलेला. पाचही कामं मात्र त्यांनी मला धडाधड म्हणून दाखवली.

"हेच लिहा की रिपोर्टात," बायको म्हणाली. "सहा महिने मी दुसरं काय सांगत्येय?"

लिहिणार कसं? धडधाकट माणूस पाच कामांत किती चुकतो, ते आधी माहीत हवं. म्हणून आता ओपीडीत ताटकळलेल्या नातेवाइकांना पकडून तोच कागद देते. आतापर्यंत तेवीस झाले. परवा एक सासरेबुवा, तल्लख, सोसायटीचे माजी सचिव, तेही साडेबारालाच उगवले, कारण खिडकीवर गाववाला भेटला आणि त्याला टाळून येणं बरं दिसलं नसतं. कंगवा आणला होता, अठरा रुपयांचा, पावतीसकट. त्यांची ही चूक धरायची की नाही, यावर मी आणि मदतनीस अजून भांडतोय.