टेरेन रंगवताना: आधी उतार, मग ब्रश

युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टेरेनवर, म्हणजे गेममधल्या जमिनीवर, डोंगर उभा करणं अवघड नाही. ब्रश फिरवला की जमीन वर येते, थोडी गुळगुळीत केली की टेकडी तयार. खरा कस लागतो तो तिच्यावर गवत, माती, खडक चढवताना. गेम बनवायला शिकताना मला सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा लागला, आणि सर्वांत जास्त आनंदही इथेच मिळाला.

पॉली हेवन आणि अँबियंटसीजी या साइट्सवर सीसी-झिरो परवान्याची (कुणालाही मुक्तपणे वापरता येणारी) उत्तम टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाची चित्रं, फुकट मिळतात, त्यामुळे सामग्रीची अडचण नव्हती. पहिला लेयर, म्हणजे एका टेक्स्चरचा थर, जोडताच तो अख्ख्या टेरेनवर पसरतो, म्हणून ज्या प्रकारची जमीन सगळ्यात जास्त दिसणार, तीच मी पहिली घेते.

गाडी खरी अडली ती पायवाटेपाशी. मला जेमतेम मीटरभर रुंदीची, स्वच्छ कडांची वाट हवी होती. ब्रश कितीही बारीक केला तरी कडा पसरट आणि धुरकट यायच्या. कारण शोधताना स्प्लॅट मॅप समजला आणि तिथून पुढचं सगळं सोपं होत गेलं. ब्रश फिरवताना आपण जमिनीवर टेक्स्चर लावतच नसतो. मागे एक साधं चित्र असतं, तोच स्प्लॅट मॅप; त्याच्या लाल, हिरव्या, निळ्या आणि अल्फा चॅनेलमध्ये चार लेयरचं प्रमाण साठवलं जातं. एखाद्या ठिकाणी लाल 0.7 आणि हिरवा 0.3 असेल, तर तिथे पहिलं टेक्स्चर 70 टक्के आणि दुसरं 30 टक्के दिसतं. माझं टेरेन 1000 मीटरचं आणि हे चित्र 512 पिक्सेलचं, म्हणजे एक पिक्सेल जवळपास दोन मीटरचा. त्यात मीटरभराची वाट मावणार कुठून? रिझोल्यूशन 1024 केलं तेव्हा फरक पडला, तरी अगदी रेखीव वाटेसाठी वेगळा मेश (स्वतंत्र 3डी आकार) किंवा डिकल (वरून चिकटवलेलं चित्र) वापरणंच बरं, असं माझं मत झालं आहे.

चारच चॅनेल असल्यामुळे पाचव्या लेयरला दुसरं चित्र लागतं आणि ग्राफिक्स कार्डाचं काम वाढतं. मी चारावर थांबते. निवड करावी लागते, आणि त्यामुळे जागेला एक स्वतःचा रंग येतो.

उंचावरून पाहिलं की गवताचे एकसारखे चौकोन दिसायचे. टेक्स्चरमधला एखादा ठळक दगड किंवा फिका डाग दर काही मीटरवर परत येतो आणि डोळा नेमका तोच पकडतो. म्हणून आता शक्यतो सपाट, एकसारखं टेक्स्चर निवडते. शिवाय दोन जवळच्या छटांचे लेयर कमी ओपॅसिटीने (ब्रशचा जोर कमी ठेवून) एकमेकांत मिसळते, एकाची टाइल, म्हणजे परत परत येणारा तुकडा, 4 मीटरची, दुसऱ्याची 7 मीटरची. दोन्ही मिळून तोच नमुना थेट 28 मीटरनंतर परत येतो, तोवर नजर पुढे गेलेली असते.

पण तंत्रापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे जमिनीकडे पाहायची सवय. उभ्या कड्यावर माती टिकत नाही, तिथे खडक उघडा पडतो. सुटलेले दगडगोटे पायथ्याशी साचतात. पाणी जिथे उतरतं तिथे हिरवं गडद होतं. मी याच क्रमाने रंगवते: आधी तीव्र उतारांवर खडक, मग पायथ्याची खडी, मग ओलाव्याच्या जागा, आणि चालून झिजलेल्या वाटा सगळ्यात शेवटी. मास्क मॅप या टेक्स्चरसोबतच्या जादा चित्राच्या निळ्या चॅनेलमध्ये उंची भरून हाइट-बेस्ड ब्लेंड, म्हणजे उंचीनुसार लेयर मिसळणं, सुरू केलं की माती दगडांच्या फटींत उतरते, दगडाचा माथा कोरडा राहतो. यूआरपीत (युनिटीच्या एका रेंडरिंग पद्धतीत) ही सोय चार लेयरपर्यंतच चालते, म्हणजे चाराची मर्यादा पाळण्याला आणखी एक कारण.

सध्या गवताच्या पात्यांवर काम चालू आहे. पाती दूरवर दिसेनाशी होतात, तेव्हा खालच्या टेक्स्चरची छटा पात्यांशी जुळली नाही तर जमिनीवर सरळ रेघ उठून दिसते. ती छटा जुळवताना कॅमेरा खेळाडूच्या डोळ्यांच्या उंचीवरच ठेवते, कारण खेळणारा जमीन तिथूनच बघणार आहे.