ओडूचं डेटाबेस मॅनेजर पकडणारं टेम्पलेट: हंगामाआधीची प्रगती

ईआरपीनेक्स्ट आणि ओडू ही धंद्याचा साठा-हिशेब सांभाळणारी सॉफ्टवेअरं. ती नेटवर उघडी पडली असतील तर ओळखणारी टेम्पलेटं लिहितोय. ईआरपीनेक्स्टचं हातावेगळं केलं आणि आता ओडूवर आलोय. न्यूक्लिआय हे सर्व्हरमधल्या त्रुटी शोधणारं स्कॅनर वापरणाऱ्यांना काम ठाऊकच आहे: यॅमल फाइलीत कुठला पत्ता मागायचा आणि उत्तरात काय दिसलं तर 'सापडलं' म्हणायचं, एवढंच लिहायचं. पण एवढंच म्हणता म्हणता वेंगुर्ल्यात काजूला मोहोर आला.

ईआरपीनेक्स्ट सरळ होतं. पानाच्या शीर्षकावर विसंबायचं नाही, ते कोणीही बदलतं. 'एपीआय/मेथड/पिंग' मागितलं की लॉगिन न करताच 'पाँग' येतं. त्याला पान कशाने बनलं ते सांगणाऱ्या जनरेटर टॅगमधलं 'फ्रॅपे' (ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे ते फ्रेमवर्क) जोडलं, दोन्ही अटी 'अँड'ने बांधल्या, झालं.

ओडूत वेबसाइट मॉड्यूल असेल तर मुखपृष्ठावर दुकान दिसतं आणि लॉगिन 'वेब/लॉगिन'वर असतं. भाषा बदलली की बटणावरचे शब्द बदलतात. मालकाने स्वतःचा लोगो लावला की फेविकॉनचा, म्हणजे टॅबवरच्या चिन्हाचा, ओळख पटवणारा हॅशही गेला. टिकते ती फॉर्मच्या क्लासची खूण, 'ओई_लॉगिन_फॉर्म'. नुसत्या 200 ला, म्हणजे 'पान मिळालं' सांगणाऱ्या कोडला, अर्थ नाही. काही सर्व्हर वाट्टेल त्या पत्त्याला 200 देतात. म्हणून आधी एक अगम्य पत्ता मागून बघतो. तोही 'सापडला' तर तो सर्व्हर बाद.

खरी गोम 'वेब/डेटाबेस/मॅनेजर'मध्ये, म्हणजे डेटाबेस सांभाळायच्या पानात आहे. लॉगिन पान दिसणं ही नुसती माहिती, तिथे मी तीव्रता 'इन्फो'च ठेवलीय. पण मॅनेजर उघडा आणि मास्टर पासवर्ड मुळातला 'अ‍ॅडमिन'च असेल, तर अख्ख्या डेटाबेसचा बॅकअप उतरवता येतो, डेटाबेस उडवताही येतो. गंमत म्हणजे पासवर्ड टाकून बघायची गरजच नाही. बऱ्याच आवृत्त्यांत मॅनेजर सुरक्षित नसल्याचा इशारा ते पान स्वतःच छापतं. मी तोच शब्दसमूह धरतो. उलट 'लिस्ट_डीबी' ही डेटाबेसची यादी दाखवणारी सेटिंग बंद केली तरी पान 200 देऊनच सांगतं की हे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केलंय. त्या वाक्यासाठी 'निगेटिव्ह' मॅचर, म्हणजे 'हे दिसलं तर सापडलं म्हणू नको' अशी अट, लावला नाही तर ज्यांनी दार लावलंय त्यांच्याच नावाने बोंब होते.

चाचणी घरच्या डॉकरवर (आपल्याच मशीनवर वेगळ्या कप्प्यात चालवलेल्या ओडूवर), आणि लेखी परवानगी घेऊन एका मित्राच्या काकांच्या काजू कारखान्यात. तिथे काजूगराच्या डब्ल्यू-240, डब्ल्यू-320, पाकळी, तुकडा अशा सगळ्या प्रतींचा साठा ओडूत आहे. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने राउटरवर ओडूचा 8069 पोर्ट सरळ जगाला उघडून दिला होता. काकांचं म्हणणं, "माका मुंबयसून स्टॉक बघूक होयो. पासवर्ड आसा मा, मगे कशाक घाबरतस?" त्यांच्यासमोरच मोबाइलच्या नेटवरून मॅनेजरचं पान उघडलं. बॅकअपचं बटण बघितल्यावर पुढचं बोलणं सोपं गेलं.

पोर्ट बंद केला, 'लिस्ट_डीबी' फॉल्स केलं, मास्टर पासवर्ड बदलला आणि काकांच्या फोनवर वायरगार्ड हे व्हीपीएन टाकलं. चावी नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून स्कॅन केलं तर काहीच दिसत नाही. काका मात्र दादरला बसून साठा बघतात.

शोडान या नेटवरची उघडी यंत्रं शोधणाऱ्या सर्च इंजिनवरून पत्ते उचलून त्यांच्यावर टेम्पलेट चालवायचं का, असं दोघातिघांनी विचारलं. मी चालवत नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीमला हात लावला की माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चं कलम 43 आड येतं, आणि हेतू चांगला होता हे नंतर पटवत बसायला मला वेळ नाही. सहज काही दिसलंच तर सर्ट-इनला, म्हणजे सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला, कळवायचं.

आता जुन्या आवृत्त्या राहिल्यात; त्यांत इशाऱ्याचा मजकूर वेगळा असू शकतो. कोणाकडे स्वतःच्या मशीनवर ओडू 10 किंवा 11 चालू असेल तर मॅनेजरच्या पानाचा एचटीएमएल पाठवा. डेटाबेसची नावं पुसून.