‘लाँग’ किती लांब?

सुवर्णमहोत्सवी अंकात शाळेच्या आठवणी पुष्कळ जण लिहितील. संगणक कक्षात आज ‘सी’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांना उपयोगी पडेल असे चार शब्द मी लिहितो.

एका यंत्रणेवर बिनतक्रार चालणारा प्रोग्रॅम दुसरीकडे कोसळतो, तो बऱ्याचदा डेटा-प्रकारांच्या मापांपायी. ६४ बिटच्या विंडोजवर लाँग हा पूर्णांकाचा प्रकार ४ बाइटचा, तर ६४ बिटच्या लिनक्स आणि मॅकओएसवर ८ बाइटचा. त्यामुळे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) लाँगमध्ये ठेवण्याची खोड लिनक्सवर खपते, विंडोजवर पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. यात कंपायलरचा (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्याचा) दोष नाही; लाँग किमान ३२ बिटांचा असावा, एवढेच सी भाषेचे मानक सांगते. १९९९ च्या मानकात स्टडइंट डॉट एच हे हेडर (घोषणांची फाइल) आले. नेमके माप हवे तिथे त्यातले इंट३२_टी, इंट६४_टी वापरा, पॉइंटरसाठी इंटपीटीआर_टी.

एकेक बाइट वाचणाऱ्या गेटचार या फंक्शनचे उत्तर नेहमी इंट या पूर्णांक-प्रकारात घ्या. ते ‘चार’ या एका बाइटच्या अक्षर-प्रकारात घेतले की गंमत होते (ज्याला दुरुस्त करायचे त्याला ती गंमत वाटत नाही). इंटेल प्रोसेसरवर ‘चार’ सहसा साइन्ड (उणे किंमतही धरणारा) असतो. मग २५५ किमतीचा बाइट उणे १, म्हणजे सहसा फाइल संपल्याची खूण, होतो आणि फाइल मधेच संपल्यासारखी वाटते. एआरएम लिनक्सवर तो सहसा अनसाइन्ड. तिथे उणे १ कधी जुळतच नाही आणि लूप संपत नाही.

चित्राची किंवा आवाजाची फाइल एफओपन या फंक्शनने उघडताना ‘आर’ (मजकूर म्हणून वाचन) नव्हे, ‘आरबी’ (बाइट जसेच्या तसे) द्या. नुसत्या ‘आर’ने विंडोज ओळीअखेरच्या १३ आणि १० या जोडीतला १३ गाळते, आणि २६ किमतीचा बाइट भेटला की वाचनच थांबवते. लिनक्सवर ‘बी’ने काहीच बदलत नाही, म्हणून तो सर्वत्र लिहावा.

स्ट्रक्ट (अनेक घटकांचा गट) जसाच्या तसा फाइलीत ओतू नका. एक ‘चार’ आणि एक इंट मिळून ५ बाइट, पण माप सांगणारा साइझऑफ सहसा ८ सांगतो. मधले ३ बाइट कंपायलरने घातलेल्या भरणाचे. एकेक घटक, बाइटांचा क्रम ठरवून लिहा.

यंत्रणेचे खास कॉल एकाच सी फाइलीत कोंडा आणि इफडेफ (यंत्रणेनुसार कोड निवडणारी अट) तिथेच ठेवा. विंडोजचे स्लीप मिलिसेकंद मोजते, लिनक्सचे सेकंद; १००० दिलेत तर लिनक्सवर साडेसोळा मिनिटांहून जास्त थांबावे लागेल. हेडरच्या नावात कॅपिटल अक्षरे नकोत: लहान-मोठ्या अक्षरांची गफलत विंडोज चालवून घेते, लिनक्सला मात्र ती फाइल सापडतच नाही.