पोटरीतली सुई

आज लेकाच्या दोन्ही पोटऱ्यांत बोटॉक्सची इंजेक्शनं झाली. हो, तेच, नट्या सुरकुत्यांसाठी घेतात ते. सकाळी सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, ६ वर्षांच्या पोराला कसल्या सुरकुत्या?" टेन्शनमध्येही हसू फुटलं.

त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नाही. पोटऱ्यांचे स्नायू सतत आखडलेले, म्हणून चवड्यांवर चालतो, टाच टेकतच नाही. आधी बॅक्लोफेनच्या गोळ्या दिल्या, पण त्यांनी अख्खं अंगच सैल पडायचं, शाळेत पेंगायचा. बोटॉक्स मात्र मुख्यतः टोचलेल्या स्नायूवरच काम करतं, नसेकडून येणारा आखडण्याचा निरोप अडवतं. डॉक्टरांनी सोनोग्राफीत स्नायू शोधला, मग सुई. बधिर करणारं क्रीम तासभर आधी लावलं होतं, तरी पठ्ठ्याने माझ्या ओढणीचं टोक दातात घट्ट धरलेलं. चावून चावून पार चोथा केलाय.

गुण दिसायला आठवडा-दोन आठवडे, टिकणार साधारण ३-४ महिने. खरी मेहनत त्याच काळात: रोज स्ट्रेचिंग, पायात स्प्लिंट, उभं राहायचा सराव. नुसत्या इंजेक्शनवर विसंबलात तर पैसे पाण्यात, असं फिजिओताईंनी बजावलंय. मेंदूतली इजा भरून येत नाही हे मला पाठ आहे. कुणी समजुतीच्या सुरात पुन्हा सांगायला लागलं की मात्र डोकं फिरतं.

रिक्षात बसल्यावर विचारतो, "आई, आता माझी चप्पल वाजेल ना?" बिल्डिंगमधली पोरं जिना उतरताना फटक फटक आवाज येतो, तो त्याने कधीचा टिपून ठेवलाय.