पंपिंग 65, तरी दम का लागतो?

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, संपला की छातीवरचं जेल पुसायच्या आधीच विचारतात, "मॅडम, पंपिंग किती?" म्हणजे कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडतं. त्या एका आकड्याचं मला फारसं कौतुक नाही. कारण सांगते.

परवा पाठोपाठ दोघे आले, दोघांचंही हृदय वाढलेलं. पहिले ट्रक चालवणारे मामा. डावा कप्पा 6.8 सेंटीमीटर रुंद, भिंती पातळ, हालचाल मरगळलेली. बेचकीचं रबर ताणावं तसा जास्त ताणलेला स्नायू जास्त जोराने आकुंचन पावतो, हे फ्रँक आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी केव्हाच दाखवलं. मामांच्या हृदयाची ती सवलत वापरून संपली होती. शिवाय कप्पा जितका रुंद तितका भिंतीवर ताण, म्हणजे तेवढ्याच कामाला जास्त इंधन. साधारण हृदयात 120 मिली रक्त भरतं, 70 बाहेर पडतं. मामांसारख्या हृदयात 200 भरतं आणि बाहेर 70च. म्हणून पंपिंग 35. बसल्या जागी भागतं, जिना चढताना वाढवायला काही शिल्लक नसतं.

दुसऱ्या काकू. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद केलेली. भिंत 15 मिलिमीटर जाड, पंपिंग 65. तरी आडवं झालं की दम लागतो म्हणून रात्री तीन उशा लागतात.

स्नायू सैल पडणं म्हणजे विश्रांती, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. आकुंचनासाठी पेशीत सुटलेलं कॅल्शियम परत कोठीत ओढून न्यावं लागतं, त्यालाही ऊर्जा जाते. जाड झालेल्या स्नायूत हे काम रेंगाळतं, वर तंतुमय पेशीजाल वाढून भिंत ताठर होते. कप्पा नीट उघडतच नाही. दाब मागे वरच्या कप्प्यात, तिथून फुप्फुसात. त्यात एसटी पकडायला काकू धावल्या की ठोके वाढतात, आणि वेळ कापली जाते ती मुख्यतः भरण्याची. मिनिटाला 75 ठोके असताना त्यासाठी जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. 120 झाले की अख्खा ठोकाच अर्ध्या सेकंदाचा.

मामांचं सैल पडणंही काही धड नव्हतं म्हणा. दुखणं जुनं झालं की दोन्ही बिघडतं.

काकूंचा मुलगा 65वर बोट ठेवून बसला होता. त्याखालची ओळ, डायस्टोलिक डिसफंक्शन ग्रेड 2, म्हणजे हृदय सैल पडून भरण्यातला मध्यम बिघाड, त्याने वाचलीच नव्हती. गोळी पुन्हा सुरू केलीय, सोबत लघवी वाढवणारी एक. पापड-लोणच्यावरून मायलेकांचं तिथेच वाजलं.