काट्याखालचं वजन

दिवाळी झाली की आमच्या दारव्ह्याकडच्या गावांत कापसाची खेडा खरेदी सुरू होते. पहिली तीन वर्षं मी एका व्यापाऱ्याच्या हाताखाली होतो. क्विंटलमागे दोन किलो कट्टी, म्हणजे वजनातली कपात, ओलाव्याच्या नावानं. मग बोंड हातात कुरकुरीत वाजलं तरी. लिहून घेणारा मीच.

बी.ए.ला कौटिल्याचं ‘अर्थशास्त्र’ परीक्षेपुरतं वाचलं होतं. खोट्या वजनमापाला दंड, देशी मालावर शेकडा 5 नफा, परदेशी मालावर शेकडा 10. उपदेश नाही, सरळ आकडे! हा माणूस व्यापाऱ्याला पुरता ओळखून होता. (‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारें’ला कीर्तनात मान डोलावणारे आमचे शेठ सकाळी कट्टी कापायचेच.)

आता माझा स्वतःचा काटा आहे. कट्टी नाही, त्यामुळं भाव चार पैसे कमी निघतो आणि काही लोक दुसरीकडं जातात. तिवईशेजारी वीस किलोचं शिक्क्याचं वजन ठेवतो. ज्याला शंका त्यानं आधी ते टांगून पाहावं.

परवा एका आजीनं दोनदा टांगलं.

“राग नको धरू बाप्पा, सवयच लागली,” म्हणाल्या. अन् तिसऱ्यांदा टांगलं.